पासवर्ड आणि घोटभर पाणी

बाईंचा आवाज असा, की त्यांनी आत बसून "पुढची कोण हाय, ये गं" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावरची माणसंसुद्धा वळून बघायची. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळा जन्म पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात गेला आणि निवृत्तीनंतर त्यांनी कोल्हापुरातल्या एका बोळात दोन खोल्यांचं महिला सल्ला केंद्र चालवायला घेतलं. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या, नाहीतर जीव मुठीत धरून स्वतःच बाहेर पडलेल्या बायका तिथं यायच्या. अशा जागी हळू आवाजात, जपून बोलणारं कुणीतरी हवं, असं कुणालाही वाटेल. देवानं माझ्या आक्कासाठी मात्र हा लाऊडस्पीकर पाठवला. त्याचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, पण हा सगळ्यात मोठा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला शिरोळकडं दिलेली. ऊस, ट्रॅक्टर, दारात गाडी, बघणाऱ्याला वाटावं पोरीनं नशीब काढलं. दाजी चारचौघांत इतके गोड बोलायचे, की तिच्या अंगावरचे वळ दिसूनही आमचे वडील बरेच दिवस तिलाच समजावत राहिले. "जरा सबुरीनं घे." शेवटी एका सकाळी ती नेसत्या साडीनिशी एस.टी.त बसली आणि माहेरी न येता थेट बाईंच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी तिला चहा पाजला, दवाखान्यात नेलं, वकील गाठून दिला आणि आठवडा व्हायच्या आत तिला कुठंतरी कामाला आणि राहायला पाठवून दिलं.

कुठं, ते मात्र आम्हाला सांगितलं नाही. आईनं पदर पसरला, तरी नाही.

"तुमाला म्हाईत आसलं तर तो तुमच्याकडनं काढून घील," बाई म्हणाल्या. "म्हाईतच नसलं तर काय काढणार?"

मला त्या दिवशी बाईंचा भयंकर राग आला होता. सख्ख्या बहिणीचा पत्ता मला नाही, तर मग कुणाला! पण पुढच्याच आठवड्यात दाजी आमच्या घरी आले. आधी रडले, मग ओरडले, मग वडिलांच्या अंगावर धावून गेले. वडील "मला खरंच माहीत नाही हो" एवढंच म्हणत राहिले, आणि ते खरं होतं म्हणूनच टिकलं. माझे वडील फार सरळ माणूस, त्यांना खोटं बोलता आलं नसतं. माझा राग त्या दिवशीच निवला.

मी एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. केंद्रातल्या फायली एका लाकडी कपाटात असायच्या आणि कपाटाचं कुलूप असं, की केसातल्या पिनेनं उघडावं. त्यातल्याच एका फायलीत आक्काचा पत्ता होता. दर आठवड्याला तिची खुशाली विचारायला मी तिथं जायची आणि माझी नजर त्या कुलुपावर जाऊन थांबायची. एकदा कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर केंद्राला मिळाला, तेव्हा मी म्हटलं, "बाई, सगळं ह्यात घालू या. पासवर्डशिवाय उघडणार नाही असं करून देते." पैशाचा विषय बाईंनी काढला, तर मी त्यांच्यावरच डाफरले. उपकार फेडायची एक संधी मिळत होती, ती काय सोडायची?

कॉम्प्युटर अगदीच म्हातारा. खिडक्या, चित्रं, माउस असलं काही त्याला झेपेना, नुसता धापा टाकायचा. म्हणून मी साधा प्रोग्रॅम लिहिला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. तो एक ओळ विचारणार, तुम्ही एक ओळ टाइप करणार. मला वाटलं बाई नाक मुरडतील. पण त्या खूश झाल्या.

"अगं, हा तर फळा हाय की!"

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. प्रोग्रॅम सुरू करायच्या आज्ञेच्या पाठोपाठ, त्याच ओळीत पासवर्ड लिहायचा, अशी सोय मी केली होती. आमच्या कंपनीतल्या साहेबांना मोठ्या कौतुकानं दाखवायला गेले. त्यांनी कीबोर्डवरचं वर जाणारं बाणाचं बटण दाबलं. आधी टाइप केलेली ओळ पासवर्डसकट पडद्यावर हजर!

"मशीन सगळ्या आज्ञा लक्षात ठेवतं," साहेब म्हणाले. "तू दाराला कुलूप लावलंस आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवलीस की."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. पासवर्ड आज्ञेत लिहायचाच नाही. प्रोग्रॅमनं तो वेगळा विचारायचा आणि विचारताना पडद्याला सांगायचं, आता जरा वेळ तू फक्त ऐक, उच्चारू नकोस. मग माणूस टाइप करतो, मशीनला ते पोचतं, पण पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, चांदणीसुद्धा नाही. चांदण्या दाखवल्या तर मागं उभ्या असलेल्याला किती अक्षरं आहेत ते तरी कळतं. काम झालं, की पडद्याला पुन्हा बोलायला सांगायचं. कोडच्या दोन-चार ओळींचं काम. मी ते केलं आणि स्वतःवर खूश होऊन केंद्रात बसवून आले.

घरी पोचायच्या आत बाईंचा फोन.

"बटनं मेली गं तुझी! दाबून दाबून बोटं दुखायली, कायबी उमटंना की!"

"बाई, उमटणारच नाही. तसंच केलंय. तुम्ही न बघता टाका आणि एंटर मारा."

"न बघता? मग मला कळायचं कसं, कुठवर आलोय ते?"

ह्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी स्वतःच शोधलं. सगळ्या नोकरीभर त्यांनी फळ्यावर एक अक्षर काढायचं आणि तोंडानं ते मोठ्यानं म्हणायचं, असंच केलेलं. हात आणि तोंड एकाच दोरीला बांधलेले. आता फळ्यावर अक्षर उमटत नाही म्हटल्यावर सगळा भार तोंडावर आला. पुढच्या वेळी मी गेले, तर बाई पासवर्ड टाकत होत्या आणि आवाज पार बोळाच्या तोंडापर्यंत.

"मोठा के... बारका ए... परत बारका ए..."

"बाई! मनात म्हणा, मनात!"

"मनातच म्हणायलोय की!"

हसावं की रडावं कळेना. त्या खरंच मनात म्हणत होत्या. बाईंचं मनच तेवढ्या आवाजाचं होतं.

मी काळजी करायची, पण बाई ऐकायच्या आणि विसरायच्या. बाहेरच्या बाकावर मात्र कोणीही बसलेलं असायचं. दाजीही असायचे. ते अधूनमधून शिरोळहून यायचे, कधी केळी घेऊन, कधी जोतिबाच्या डोंगरावरचा प्रसाद घेऊन. हात जोडून म्हणायचे, "बाई, चुकलं माझं. एकदा भेटू द्या तिला." बाई त्यांना पाणी द्यायच्या, प्रसाद कपाळाला लावून घ्यायच्या आणि पत्ता द्यायच्या नाहीत. ते तरी बसून राहायचे.

एका दुपारी मी प्रोग्रॅममध्ये थोडी दुरुस्ती करायला गेले होते. काम आटोपलं, बाक रिकामा होता, म्हणून बाई म्हणाल्या, जेवूनच जा. मी आतल्या खोलीत डबे उघडायला लागले. बाईंनी बाहेरच्या खोलीत एकदा सगळं नीट उघडतंय का बघून घेतलं, अर्थात खणखणीत आवाजात, मग बंद करून, दार नुसतं लोटून आत आल्या. प्रोग्रॅम बंद केला, की पडद्यावर 'पासवर्ड:' एवढा एकच शब्द वाट बघत उभा राहायचा.

भाकरीचा पहिला तुकडा मोडला असेल नसेल, बाहेर बटणांचा आवाज आला. टक. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग टक, टक, टक, जोरात. मला वाटलं मांजर चढलं टेबलावर. तेवढ्यात माणसाचा आवाज आला.

"आयला, बटनंच मेल्यात जणू!"

तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता. मधल्या दाराच्या फटीतून बघितलं, तर दाजी खुर्चीत बसलेले, माझ्याकडं पाठ. एका बोटानं एक बटण दाबायचे, मान वर करून पडद्याकडं बघायचे. काही उमटत नाही म्हटल्यावर तेच बटण पुन्हा, आणखी जोरात. मग पुढचं. ते कधी येऊन बाकावर बसले, किती ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता. पण बोट के वर गेलं होतं आणि मग ए वर. आक्काचा पत्ता त्या ओळीच्या पलीकडं होता. मला ठाऊक नसलेला, आईला ठाऊक नसलेला. पासवर्ड जुळला असता, तर तो सगळ्यात आधी ह्या माणसानं वाचला असता.

पडद्यावर ओळ आली. 'पासवर्ड जुळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.' ती मीच लिहिलेली होती. प्रयत्न करा काय! अशा माणसाला एवढ्या अदबीनं बोलल्याबद्दल मला माझाच राग आला.

बाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "तू हितंच बस. तुला बघितलं तर त्याची खात्रीच पटंल, पत्ता हितं हाय म्हणून." आणि उष्ट्या हातानंच त्या बाहेर गेल्या. एरवी दाजींना नावानं हाक मारणाऱ्या बाई त्या दिवशी म्हणाल्या, "पावणं, उठा."

"बाई, माझी बायको हाय ती."

"आसंल. पत्ता तिचा हाय. द्यायचा आसला तर ती दील."

"आख्ख्या बोळाला म्हाईत हाय तुमचा पासवर्ड! तुमीच वरडून सांगताय की. ह्ये मशीन बिघडलंय म्हणून, न्हायतर..."

"न्हायतर काय?"

हे 'न्हायतर काय' बाईंनी असं विचारलं, की चहाच्या गाड्यावरचे तिघं-चौघं उठून दारात आले. त्यांनी काही केलं नाही, नुसते चहाचे ग्लास हातात धरून उभे राहिले. दाजी उठले, बाकाला एक लाथ घातली आणि गेले. मोटरसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत मी आतल्या खोलीत तोच भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

बाई आत आल्या आणि मट्‌कन खाली बसल्या. बाईंना घाबरलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

"माझ्या तोंडानं आज घात केला आस्ता गं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मलाच रडू आलं.

आधी पासवर्ड बदलायला हवा होता. बाईंनी नवा ठरवला, पण टाकायला बसल्या आणि थबकल्या. "पोरी, चांदण्या तरी दाखीव की पडद्यावर. एक बटन, एक चांदणी. म्हंजे कुठवर आलोय ते कळंल आणि मी गप बसतो."

मी बरं म्हणून खुर्ची ओढलीसुद्धा. कोड उघडला आणि हात थांबला. चांदण्या असत्या, तर दाजींनाही दिसल्या असत्या. एक बटण, एक चांदणी. त्यांनी प्रत्येक अक्षर एकदाच दाबलं असतं, न चुकता, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. काहीच उमटलं नाही म्हणून त्यांनी एकेक अक्षर तीन-तीनदा हाणलं आणि पासवर्ड चुकत गेला. बाईंना ओरडायला लावणाऱ्या त्या रिकाम्या ओळीनंच माझी बहीण वाचवली होती. मी बाईंना तसं सांगितलं. ती ओळ रिकामीच राहणार, बाई. दुसरं काय म्हणाल ते करते.

बाई उठल्या, कोपऱ्यातला तांब्या घेतला, वरून घोटभर पाणी तोंडात ओतलं आणि न गिळता, गाल फुगवून, कीबोर्डसमोर येऊन बसल्या. मला वाटलं घसा सुकला असेल. पण त्या तशाच बसून बटणं दाबायला लागल्या. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, आणि घशातून नुसतं 'म्म्' येत होतं. एंटर मारलं. पहिल्याच फटक्यात प्रोग्रॅम उघडला. बाईंनी पाणी गिळलं.

"पहिलीच्या पोरांस्नी प्रार्थनेला न्हेताना हेडमास्तरांच्या खोलीवरनं जायाला लागायचं," त्या म्हणाल्या. "कालवा करायची नुसता. मग मी सगळ्यांस्नी एकेक घोट पाणी तोंडात धराय लावायचो. एकजण बोलायचा न्हाय. आता स्वतःच धरायचं, त्यात काय!"

मी हसत सुटले. इतका वेळ दाबून धरलेली भीती सगळी त्या हसण्यातून बाहेर पडली. बाईही हसल्या आणि आम्ही गार झालेलं जेवण जेवलो.

त्या दिवसापासून केंद्रात तो रिवाजच पडला. पासवर्ड टाकायचा म्हणजे आधी तांब्या. बाकावरच्या बायकांना वाटायचं, बाईंची औषधाची वेळ झाली. मी साहेबांना सगळं सांगितलं, तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कुठल्या पुस्तकात न्हाय बघ हा उपाय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पाणी सांडलं तरी बिघडू नये म्हणून कीबोर्डवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर माझ्या हाती दिलं. असल्या माणसांत मी काम शिकले, हेही माझं नशीबच म्हणायचं.

दाजी त्यानंतरही आले, पण बाकापर्यंतच. एकदा नेमकं बाईंच्या तोंडात पाणी असतानाच दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "कुठं हाय ती?" बाईंनी बोटानं बाहेरचा रस्ता दाखवला आणि टाइप करत राहिल्या.

पुढं कोर्टात निकाल लागला, आक्का मोकळी झाली आणि परत आली. येताना तिनं काजूची पिशवी आणि घनसाळ तांदूळ आणला, तेव्हा आम्हाला कळलं, ती इतके दिवस आजऱ्याला काजूच्या कारखान्यात होती. आई कपाळावर हात मारून रडली. "एवढी जवळ होतीस, बाळा!" एवढी जवळ होती, एस.टी.नं सकाळी निघून दुपारी परत येता आलं असतं, आणि तरी ती सापडली नाही. काजूच्या टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती. आमच्या घरात आल्यावर ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली ती बाईंशी फोनवर, आणि ते ऐकून वडील उठून परसात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

मी लिहिलेले दुसरे प्रोग्रॅम मोठमोठ्या ठिकाणी चालतात, त्यांचे पैसेही मिळतात. पण रात्री देवापुढं हात जोडते तेव्हा मला आठवते ती काळ्या पडद्यावरची एक रिकामी ओळ, साहेबांचं बाणाच्या बटणावरचं बोट, चहाचे ग्लास धरून दारात उभी राहिलेली ती माणसं, आणि बाईंचे फुगलेले गाल. ह्यातलं एक जरी कमी असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी करत नाही. करवत नाही.

बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या घरीच असतात, आणि गल्लीतल्या पोरांना गॅलरीतून शुद्धलेखन सांगतात. केंद्राच्या खुर्चीत आक्का बसते. मध्यंतरी केंद्राला बरा कॉम्प्युटर मिळाला म्हणून प्रोग्रॅम त्यावर चढवायला मी गेले. बाकावर एक तरुण बाई डोक्यावरून पदर घेऊन, पिशवी पोटाशी धरून बसली होती. दुसरं कोणी नव्हतं.

मी सगळं जोडून दिलं आणि म्हटलं, "आक्का, टाक पासवर्ड." तिनं तांब्या उचलला.

"अगं, तू काय बाईंसारखी ओरडतेस होय? तुझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. पाणी कशाला?"

तिनं एक बोट वर करून मला थांबवलं. गाल फुगवून, हळूहळू, एकेक बटण दाबत गेली. बोटांवरचे काळे डाग आता फिके झालेत, पण आहेत. पडद्यावर काही उमटलं नाही. एंटर मारल्यावर नावांची यादी उघडली, तेव्हा तिनं पडदा माझ्याकडून पलीकडं वळवला आणि पाणी गिळलं.

"ह्यात कुणाची तरी आक्का हाय," ती म्हणाली. मग दाराकडं बघून रस्त्यापलीकडं जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं हाक मारली, "पुढची कोण हाय, ये गं."